‘बोलेल हळूहळू’ म्हणण्यापूर्वी

मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, ही गोष्ट रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरांत बऱ्याचदा गणपतीत नाहीतर मे महिन्यात उघडकीला येते. मुंबईहून चाकरमानी येतात. त्यांच्यासोबत त्याच वयाचं एखादं चुलत भावंड येतं, दिवसभर बडबडतं, आणि पडवीत बसलेल्या सगळ्यांच्या एकदम लक्षात येतं की आपलं मूल नुसतं बोट दाखवतंय. तोवर घरात या विषयाचा निकाल लागलेला असतो. ‘याचा बापूसही चौथ्या वर्षी बोलला’, ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘जीभ जड आहे, सुटेल’. गुटीत अक्कलकाढ्याचे दोन वेढे जास्त दिलेले असतात, वेखंड उगाळून जिभेला लावून झालेलं असतं, कुणी नवसही बोललेलं असतं. यातलं काहीही निष्काळजीपणातून होत नाही, हे मला सर्वांत आधी सांगायचं आहे. आजी, काकी, आत्या अशी माणसं भोवती असलेल्या घरात मुलाने नुसतं मडक्याकडे पाहिलं तरी पाणी पुढे येतं. घराला मुलाचं सगळं कळतं, म्हणून मूल बोलत नाही हे कळायला वेळ लागतो.

हे पुस्तक त्या घरासाठी आहे. अंगणवाडीताई, आशाताई, बालवाडीच्या बाई आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर यांनाही ते उपयोगी पडेल. पण ते लिहिताना समोर आई होती, आणि तिच्याहीपेक्षा जास्त आजी होती. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजारांच्या आसपास होती आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, हल्ली काही आखातात किंवा बोटीवर. अनेक घरांत आईही नोकरीला जाते. मग लहान मुलाशी दिवसभर बोलणारं माणूस म्हणजे आजी. वाचा-उपचारांवरची बहुतेक पुस्तकं आई-वडील आणि दोन मुलं अशा शहरी घराला उद्देशून असतात, त्यांत आजी आलीच तर अडथळा म्हणून येते. इथे तिच्याशिवाय एकही पाऊल पुढे पडणार नाही.

लहान मुलांच्या वाचा आणि भाषा उपचारांबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे: थेरपिस्टच्या खोलीत मूल आठवड्याला पाऊण तास असतं आणि उरलेला आठवडा घरी. तेव्हा उपचाराची खरी जागा घर, आणि उपचाराची भाषा घरची बोली. थेरपिस्टने काय करायचं ते ठरवून द्यायचं, दाखवायचं, तपासत राहायचं. जिथे थेरपिस्ट मोजके आणि रस्ते लांब, त्या रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात हे दुप्पट खरं आहे.

आधी ‘बोलेल हळूहळू’ या वाक्याबद्दल. ते पूर्ण चुकीचं असतं तर काम सोपं होतं. दोन वर्षांच्या मुलांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के मुलं उशिरा बोलणारी असतात आणि त्यातली बरीच पुढे आपणहून बरोबरी गाठतात. म्हणजे आजीचा अनुभव खोटा नाही, तिने अशी मुलं खरंच पाहिलेली असतात. अडचण अशी की जी मुलं बरोबरी गाठणार नाहीत तीही दुसऱ्या वर्षी अगदी तशीच दिसतात, आणि नुसतं थांबून त्यांतला फरक कळत नाही. फरक कळतो तो शब्द सोडून इतर गोष्टींकडे पाहिल्यावर. नावाने हाक मारली की वळतं का? ‘चप्पल आण’ म्हटलं, हाताने काही दाखवलं नाही, तर चप्पल आणतं का? आकाशातलं विमान दाखवायला बोट करतं, आणि बोट करून पुन्हा तुमच्या तोंडाकडे बघतं का? वाटीतून खोटं खोटं जेवण भरवतं का? हे सगळं ठीक असेल आणि फक्त शब्द कमी असतील, तर धीर धरायला जागा आहे, तीही तपासणी करून घेऊनच. यातलं काही नसेल तर थांबणं म्हणजे त्या मुलाचा वेळ खर्च करणं.

सर्वसाधारण टप्पे पुढे सविस्तर दिले आहेत, इथे थोडक्यात सांगते. दोन-तीन महिन्यांचं बाळ हुंकार देतं, सहा-सात महिन्यांनी ‘बाबाबा, मामामा’ सुरू होतं, वर्षाच्या आगेमागे पहिला अर्थाचा शब्द येतो. दोन वर्षांला पन्नासेक शब्द आणि ‘बाबा गेला’, ‘अजून पाणी’ असे दोन शब्दांचे जोड असावेत. तिसऱ्या वर्षी घराबाहेरच्या माणसालाही बरंचसं कळेल असं बोलणं असावं. ‘र’साठी ‘ल’ म्हणणारं तीन वर्षांचं मूल घाबरण्यासारखं नाही, ‘र’ उशिरा येतो. पण वर्षभरात एकही बडबड नाही, दीड वर्षात एकही शब्द नाही, किंवा आलेले शब्द गेले, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. आलेले शब्द जाणं ही विशेष गंभीर खूण आहे, तिला ‘नजर लागली’ म्हणून घरात ठेवू नये.

आणि जिभेचं काय? जिभेखालचा पडदा आखूड असला तर तो कापून आणावा असा आग्रह मी अनेकदा ऐकते. जिभेच्या बांधलेपणामुळे एखाददुसरा उच्चार अडू शकतो, तोही क्वचित. मूल बोलतच नाही याचं ते कारण नसतं. भाषा मेंदूत तयार होते आणि मेंदूत ती कानाने शिरते. म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण जिभेवर नाही, कानावर आहे.

कानाबद्दल एक प्रयोग सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही, तिथल्या मोठ्या माणसांना तो ऐकूच येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो नीट कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ती क्षमता बहुतांशी ओसरलेली होती. म्हणजे आपल्या भोवतीच्या भाषेत कोणते आवाज कामाचे आणि कोणते सोडून द्यायचे, हा हिशेब बाळ पहिल्या वर्षातच उरकतं, तोंडातून धड एक शब्द निघण्यापूर्वी. आता ज्या बाळाला जन्मापासून ऐकू येत नाही आणि घराला ते तिसऱ्या वर्षी कळतं, त्या बाळाचं काय गेलं याचा विचार करा. जन्मतः लक्षणीय बहिरेपण हजारात एक ते तीन बाळांत आढळतं. एक महिन्याच्या आत प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत कानाचं मशीन आणि शिकवणं सुरू, हे वेळापत्रक जगभर मानलं जातं. त्याला कारण हेच.

तपासणी कठीण नाही. ओएई या चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी कळी ठेवतात. निरोगी आतला कान आवाजाला उत्तर म्हणून स्वतः अतिसूक्ष्म आवाज करतो आणि यंत्र तो टिपतं. काही मिनिटांचं काम. शंका आली तर बेरा करतात. त्यात डोक्याला चिकटवलेल्या तारांवरून आवाजाचा संदेश मेंदूच्या दिशेने पोचतोय का हे पाहतात. घरात थाळी वाजवून पाहणं ही तपासणी नव्हे. थाळीचा आवाज मोठा असतो, शिवाय मूल हाताची हालचाल बघतं, जमिनीचा हादरा ओळखतं. कित्येक मुलांना जाड आवाज ऐकू येतात आणि ‘स’, ‘श’ सारखे बारीक आवाज येत नाहीत. अशा मुलाला ट्रकचा हॉर्न कळतो, कुत्र्याचं भुंकणं कळतं, म्हणून घर निश्चिंत राहतं. त्याला आपलं बोलणं मात्र व्यंजनं गळालेलं, अर्धवट ऐकू येत असतं. थेरपिस्ट रोज सकाळी मशीन घातलेल्या मुलाला पाठीमागून आ, ई, ऊ, म्, श्, स् हे सहा आवाज ऐकवायला सांगतात. डॅनियल लिंग यांनी सुचवलेली ही पडताळणी आहे. बोलण्यातल्या जाड-बारीक आवाजांचा पट्टा या सहांत येतो आणि एक पैसा लागत नाही.

आपल्या पावसाबद्दल मात्र बाहेरच्या पुस्तकांत काही सापडणार नाही. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. या चार महिन्यांत लहान मुलांना सर्दी लागून राहते आणि पडद्यामागे, मधल्या कानात पाणी साठतं. कान दुखत नाही, वाहत नाही, मूल फक्त थोडं कमी ऐकतं. बोट कानात घालून बसल्यावर ऐकू येतं, साधारण तसं. हे बहुधा आपोआप बरं होतं, पण दर पावसाळ्यात होत राहिलं आणि मूल दीड-दोन वर्षांचं असलं, तर भाषा शिकण्याच्या ऐन दिवसांत त्याला धुरकट ऐकू येतं. ज्याचा कान वाहतो त्या मुलाच्या कानात तेल घालू नये. हे वाक्य पुस्तकात तीनदा आलं आहे, मुद्दाम.

मशीन वापरणाऱ्या मुलासाठी पावसाळा वेगळीच परीक्षा घेतो. दमट हवेने मशीनच्या नळीत पाण्याचे थेंब धरतात, सेल लवकर उतरतात, घामाने आतले भाग गंजतात. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, सेलचं झाकण उघडं ठेवून, आणि सकाळी नळी फुंकून कोरडी करायची. या एवढ्या सवयीवर मुलाचे चार महिने अवलंबून असतात. मग आवाजाचं. पत्र्याच्या छपरावर आषाढातला पाऊस पडत असतो तेव्हा अंगणवाडीत ताईंचा आवाज साध्या कानांनाही पोचत नाही. मशीन सगळंच मोठं करतं, पाऊसही. अशा दिवशी त्या मुलाला ताईंपासून हातभर अंतरावर बसवायचं, छपराच्या कडेपासून आणि दारापासून दूर. दिव्यांगांच्या शाळांसाठी ध्वनिशोषक खोल्यांची वर्णनं छापली जातात, ती चांगलीच आहेत. पण इथे जूनमध्ये जे करता येतं ते हे आहे.

या शास्त्राचा आपल्या देशातला इतिहास फार जुना नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ ची. मुंबईत नायर रुग्णालयात त्याच दशकात या विषयाचं शिक्षण सुरू झालं. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ९ ऑगस्ट १९८३ ची. म्हणजे कोकणातल्या आजच्या आजीच्या लहानपणी हा व्यवसाय इथे जवळजवळ नव्हताच, तिने कुणा थेरपिस्टचं नाव ऐकलं नसेल तर तो तिचा दोष नाही. आजही प्रशिक्षित माणसं प्रामुख्याने मुंबई-पुण्यात आहेत. पदवी चार वर्षांची असते, त्यात शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. काही आठवड्यांच्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर ‘थेरपी’ची पाटी लावलेलीही दिसते, आणि तिथे मुलाचं वय वाढत राहतं.

सरकारी वाट आहे, ती घरांना ठाऊक नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच महाराष्ट्रात झाली, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला. या कार्यक्रमाचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ज्या तीस बाबी ते तपासतं, त्यांत जन्मजात बहिरेपण, दुभंगलेला ओठ आणि टाळू, कान वाहणं, स्वमग्नता आणि भाषेचा उशीर या सगळ्या आहेत. शंका असलेलं मूल पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र निदान आणि उपचार केंद्राकडे पाठवायचं असतं. पण पथक येतं त्या दिवशी मूल अंगणवाडीत हजर हवं आणि कुणीतरी तोंड उघडून सांगायला हवं. पाच मिनिटांच्या तपासणीत मूल बुजून गप्प बसलं असं डॉक्टरांना वाटणं स्वाभाविक आहे. ‘घरीपण बोलत नाही’ हे तीन शब्द अंगणवाडीताईंनी सांगितले तर चित्र बदलतं. श्रवणयंत्रासाठी केंद्राची एडिप योजना आहे आणि ठरावीक वयाच्या आतल्या मुलांना शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही तिच्यातून मदत मिळते. इथे एक गैरसमज दूर करते. इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली की मूल बोलू लागत नाही. काही आठवड्यांनी यंत्र चालू केल्यावर त्याचं ऐकणं सुरू होतं आणि भाषेची पहिली इयत्ता तिथून पुढे असते, काही वर्षांची. शस्त्रक्रियेला मुंबईला नेलं आणि नंतर उपचार सोडून दिले, तर एवढं मोठं काम फुकट जातं.

आता बोलीबद्दल, कारण या प्रस्तावनेचा जीव तिथे आहे. संगमेश्वरी, बाणकोटी, खारवी, कोकणी मुसलमानांची बोली, चित्पावनी, राजापूरच्या दक्षिणेकडे मालवणीची छटा. एका जिल्ह्यात मराठीची एवढी रूपं आहेत. त्यात आंब्याच्या बागा राखणारी आणि बोटींवर खलाशी म्हणून आलेली नेपाळी कुटुंबं, त्यांची मुलं त्याच अंगणवाडीत. थेरपिस्ट बहुधा शहरात शिकलेली असते. तिच्याकडच्या चित्रांच्या वहीत सफरचंद असतं, जिराफ असतो, ट्रॅफिक सिग्नल असतो. हर्णैच्या मुलाला ती चित्रं ओळखता आली नाहीत म्हणून त्याचा शब्दसंग्रह कमी ठरवणं हा अन्याय आहे. त्याला होडी विचारा, जाळं, सुकट, कुर्ली, माड, कौल विचारा. तसंच उच्चारांचं. ज्या घरात सगळे ‘पानी’ म्हणतात, त्या घरातलं मूल ‘पानी’ म्हणतं तेव्हा त्याचं काही बिघडलेलं नसतं, ते अगदी बरोबर शिकलेलं असतं. उपचार लागतो तो घरापेक्षा वेगळ्या उच्चाराला. घर ‘गार’ म्हणतं आणि मूल चौथ्या-पाचव्या वर्षीही ‘दार’ म्हणतं, घर ‘कर’ म्हणतं आणि मूल ‘तर’, तेव्हा जिभेची मागची बाजू वर जात नाहीये हे कळतं आणि काम सुरू करता येतं. आधी त्या दोन शब्दांतला फरक कानाने ओळखायला शिकवायचं, मग सुटा आवाज, मग अक्षर, शब्द, वाक्य, आणि सगळ्यांत शेवटी भांडताना-खेळताना तो टिकतोय का ते बघायचं. शेवटचा टप्पा खोलीत होत नाही, अंगणातच होतो.

म्हणून मला सगळ्यांत जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हे: मूल उशिरा बोलतंय म्हणून घरची बोली बंद करू नका. ‘दोन भाषांनी गोंधळतं, एकच ठेवा’ असा सल्ला अजूनही दिला जातो आणि ती एक भाषा म्हणून इंग्रजी निवडली जाते, कारण पुढे शाळा इंग्रजी माध्यमाची. दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही, हे संशोधनाने पुरेसं स्पष्ट केलेलं आहे. उलट जी आजी दिवसभर संगमेश्वरीत बोलू शकते, गोष्ट सांगू शकते, रागावू शकते, तिला ‘कम, सिट, ईट’ एवढ्या तीन शब्दांवर आणलं की मुलाभोवतीची भाषा आटते. उशिरा बोलणाऱ्या मुलाला भाषा जास्त हवी असते आणि घरात जास्त असलेली भाषा एकच असते.

मोबाईलवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा इथे थोडंच. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला आहे की दोन वर्षांखाली पडदा नकोच आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबत. मोबाईलमुळे स्वमग्नता होते असं नाही, आणि आईला तसं ऐकवणं क्रूरपणाचं आहे. पण मोबाईल मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. गाण्यातला मासा मुलाने काहीही म्हटलं तरी पुढेच जातो. माणूस थांबतं, आणि त्या थांबण्यात मूल बोलतं.

थांबणं ही या उपचारातली मोठी युक्ती आहे, आणि ती कुणालाही शिकता येते. १९७५ च्या सुमारास कॅनडात अयाला मॅनोल्सन यांनी थेरपी मुलाऐवजी पालकांना शिकवण्याची पद्धत रुजवली, तिच्या मुळाशी हेच आहे. मुलाच्या तोंडासमोर, त्याच्या उंचीला बसा. ते काय बघतंय ते बघा आणि त्याबद्दल एखादं छोटं वाक्य बोला. मग मनात पाच मोजा. मूल ‘पानी’ म्हणालं तर ‘थंड पानी पायजे’ असं त्याचंच वाक्य वाढवून परत द्या, चूक दाखवू नका. ‘हे काय? ते काय? सांग, सांग ना’ ही परीक्षा बंद करा. त्याऐवजी निवड द्या: घावणं की भाकरी? हे करायला वेगळा वेळ काढायचा नाही. आठळ्या सोलताना, मासे साफ करताना, विहिरीवर, न्हाणीत, एसटीची वाट बघताना करायचं. पुस्तकातल्या कृती अशा कामांभोवतीच बांधल्या आहेत, कारण सुगीच्या दिवसांत ‘रोज अर्धा तास मुलासोबत खेळा’ असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या साहाय्याने अंगणवाड्यांत ‘आरंभ’ हा उपक्रम उभा राहिला, त्यातले पालक मेळावेही घरातल्या अशाच वस्तूंनी मुलाशी कसं खेळावं, बोलावं हे दाखवतात. तिथे एकदा जाऊन यावं.

अडखळत बोलणाऱ्या मुलांवरचं प्रकरण मी दोनदा वाचावं म्हणेन. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान अनेक मुलं अडखळायला लागतात आणि साधारण चारातल्या तीन मुलांचं ते जातं. पण सहा महिने उलटले, घराण्यात कुणी अडखळणारं असलं, किंवा शब्द काढताना मूल डोळे मिटायला, मान झटकायला लागलं, तर थेरपिस्टकडे जावं. इथे कोकणातली एक गोष्ट घात करते. गणपतीत हेच मूल सगळ्यांसोबत आरती घडाघडा म्हणतं, एकदाही अडत नाही. मग घर म्हणतं, ‘बघा, येतं की! मुद्दाम करतो.’ मुद्दाम नाही. सामूहिक सुरात आणि तालात बहुतेक अडखळणाऱ्या माणसांचं बोलणं सुटतं, हे जगभर दिसतं. एकट्याने, स्वतःचं वाक्य जुळवून बोलणं हे वेगळं काम आहे. त्या मुलाला ‘सावकाश बोल’ म्हणू नये, त्याचं वाक्य पुरं करू नये. आपण स्वतः सावकाश बोलावं आणि त्याचं ऐकावं.

दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन आलेल्या बाळाच्या आईला आजही विचारलं जातं की ग्रहणात काही चिरलंस का. नाही, तिने काही केलेलं नसतं. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत करतात, ती मोफत करून देणाऱ्या योजना आहेत. चेहरा सुधारला की घराला काम संपल्यासारखं वाटतं. टाळू शिवल्यानंतरही हवा नाकातून जात राहते का आणि ‘प, ब, क, ग’ दाबून येतात का, हे तपासत राहावं लागतं. नाकातून बोलायची सवय पक्की झाली की ती मोडायला फार वेळ लागतो.

राहता राहिलं अंतर. मंडणगडहून रत्नागिरी दीडशेहून अधिक किलोमीटर. गुहागरच्या बाजूची माणसं तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरतात आणि पुढे जातात, पावसाळ्यात समुद्र खवळला की तेही नाही. लहान मूल घेऊन दोन एसटी बदलून अर्ध्या-पाऊण तासासाठी येणं आणि दिवसाची मजुरी बुडवणं हे कुटुंब किती आठवडे करील? तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर ती माणसं येत नाहीत आणि कागदावर ‘पालकांचा असहकार’ असा शेरा पडतो. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो. २०२० नंतर व्हिडिओ कॉलवरून पालकांना शिकवण्याची पद्धत रुळली आणि लहान मुलांच्या बाबतीत ती पुष्कळ चालते, कारण शिकायचं पालकांनाच असतं. पण घाटाखालच्या वाडीत रेंज जिथे मिळते ती जागा आणि मूल जिथे खेळतं ती जागा एकच असेल असं नाही. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि मंडणगड-दापोलीकडचे फोन कित्येक दिवस गेले. व्हिडिओ कॉल हा आधार आहे, व्यवस्था नव्हे.

व्यवस्था म्हणजे काय हवं ते स्पष्ट लिहिते. जिथे बाळंतपणं होतात त्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात ओएईचं यंत्र आणि ते चालवणारं माणूस. दापोली, कळंबणी आणि कामथे इथल्या उपजिल्हा रुग्णालयांत थेरपिस्टचा आठवड्यातला एक ठरलेला दिवस, जो बदलणार नाही, म्हणजे एसटीच्या वेळेशी तो जुळवता येईल. अंगणवाडीताईंच्या प्रशिक्षणात कानाच्या मशीनची हाताळणी. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालयाचं महाविद्यालय आहे, म्हणजे शिकवणारे आणि शिकणारे दोन्ही जिल्ह्यात आहेत. वाचा-श्रवणाची पदवी इथेच देता आली तर संगमेश्वरी ऐकत वाढलेली मुलगी थेरपिस्ट होऊन संगमेश्वरी मुलासमोर बसेल. ही मागणी मोठी नाही आणि मी ती करत राहणार आहे.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल शेवटचं. प्रकरणं क्रमाने वाचण्याची गरज नाही. ज्यांच्या घरात मूल अजून बोलत नाही त्यांनी फक्त पहिलं, कानांचं प्रकरण वाचावं आणि पुस्तक बाजूला ठेवून तपासणीची तारीख घ्यावी. सर्दी ओसरल्यावर जावं, नाहीतर मधल्या कानातल्या पाण्याने निकाल फसवा येतो. लहान बाळाला चाचणीच्या वेळी झोप लागावी म्हणून वाटेत झोपू देऊ नये आणि तिथे पोचल्यावर पाजावं. सोबत मूल जे शब्द बोलतं त्यांची यादी न्यावी, शब्द घरच्या उच्चारात जसे ऐकू येतात तसेच लिहिलेली, आणि जमलं तर आजीला न्यावं, कारण डॉक्टरांनी विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे असतात.